दव, आभाळ आणि कांद्यावरचा करपा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी कांद्यावरील रोगाचा विषय निवडावा, ह्याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींनाही ते वाटले होते. संतवाङ्मय, नाही तर निदान सीमाभागातील मराठी, अशी त्यांची अपेक्षा होती. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत असत, आणि आज मी जे सांगणार आहे त्याचा आरंभ त्यांच्याच एका खटाटोपातून झालेला आहे. शिवाय ह्या विषयात एक शब्द दडलेला आहे, आणि शब्दांची चौकशी करणे हा तर माझा आयुष्यभराचा धंदाच होता.

१९६३-६४ चा सुमार असेल. दिवाळीची सुट्टी संपली की गुरुजी रोज संध्याकाळी एक दगडी पाटी शाळेमागच्या मोकळ्या जागेत दोन विटांवर आडवी ठेवून देत. शाळेजवळ राहणाऱ्या आम्हां तिघांवर कामगिरी अशी, की सकाळी उजाडताच तेथे जायचे, पाटी ओली आहे की कोरडी ते पाहायचे, आणि ओली असल्यास ती पूर्ण सुकेपर्यंत थांबून वेळ वहीत लिहायची. ‘पाटी सुकली, ८ वाजून १० मिनिटे’, अशा नोंदींनी ती वही भरत गेली. आम्हांला त्या कामाची गोडी लागली ती मुख्यतः प्रार्थनेला उशिरा येण्याची अधिकृत परवानगी मिळाल्यामुळे, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण महिनाभरात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या रात्री आभाळ भरून येई त्या सकाळी पाटी बहुधा कोरडी असे. आणि स्वच्छ चांदण्याची, वारा पडलेली रात्र गेली की ती चिंब भिजलेली असे. आमची समजूत नेमकी उलटी होती. गुरुजींनी कारण सांगितले ते असे : निरभ्र रात्री दगड, पाने, माती आपली उष्णता आकाशाकडे टाकून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्या थंड पृष्ठावर हवेतील वाफ पाणी होऊन बसते. ढग असले म्हणजे ते पांघरुणासारखे काम करतात आणि उष्णता परत खाली धाडतात.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या वाचनात आले, की दुव्देवानी नावाच्या शास्त्रज्ञाने दव मोजण्यासाठी रंगवलेला एक लाकडी ठोकळाच वापरला होता आणि १९४७ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. ठोकळा रात्रभर उघड्यावर ठेवायचा आणि पहाटे त्यावरील थेंबांचे रूप छायाचित्रांशी ताडून पाहायचे. भारतीय हवामान खात्याच्या कृषिविषयक वेधशाळांतही हा ठोकळा वापरात आला. गुरुजींना तो ठाऊक होता की नाही, हे विचारायचे राहून गेले.

आता कांद्याकडे वळतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, मलप्रभेच्या खोऱ्यात बैलहोंगलच्या बाजूला आमची वडिलार्जित जमीन कसत असत. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात त्यांनी तीन एकर कांदा केला. दसऱ्याच्या मागेपुढे रोपे लावली, थंडी पडली, पात जोमाने वाढली. डिसेंबर सरता सरता पातीचे शेंडे पिवळे पडू लागले, मग पातीवर लांबट डाग उमटले, आणि बघता बघता सगळे रान विस्तवावर धरल्यासारखे दिसू लागले. अण्णांचे निदान एका शब्दाचे होते : ‘करपलं.’ आणि करपले तर त्याला उपाय पाणी, हे ओघानेच आले. त्याच वर्षी त्यांनी तुषार सिंचनाचे पाइप कर्जाने घेतले होते. शेतीची वीज तेव्हा रात्री नऊनंतर मिळे. तेव्हा एक दिवसाआड रात्री नऊ ते बारा कांद्यावर तुषार सुरू झाले. दोन-तीन आठवड्यांत पात आडवी झाली. कांदा लिंबाएवढा राहिला. वहिनींच्या पाटल्या त्या वर्षी गहाण पडल्या त्या पुन्हा घरी आल्या नाहीत.

मी सुट्टीत गेलो होतो. बांधावर उभा राहून हळहळलो आणि परत आलो. वर्गात शब्दांचे पापुद्रे सोलून दाखवणाऱ्या माणसाला त्या बांधावर हे सुचले नाही, की ह्या शब्दातच काही चुकीचे असावे. करपणे म्हणजे आचेने जळणे. भाकरी करपते, दूध करपते, वैशाखातल्या उन्हाने रोप करपते. शेतकऱ्याने रोगाला नाव दिले ते डोळ्यांना दिसले त्यावरून, आणि दिसण्यापुरते ते अगदी चपखल आहे. पण नाव नुसते वर्णन करून थांबत नाही. ते कारणही सुचवते, आणि कारणाबरोबर उपायही. करपा हा शब्द आगीकडे बोट दाखवतो. रोग येतो तो पाण्याच्या अंगाने. अण्णांनी आग विझवावी तसे पाणी मारले आणि रोगाला जे हवे होते नेमके तेच त्याला एक दिवसाआड रात्री पुरवले.

हा गोंधळ फक्त आपल्याकडच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. १८४५ साली आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले तेव्हा तेथील विद्वानांत ह्याच प्रश्नावर मोठा वाद झाला. जॉन लिंडली हे त्या काळचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे मत असे, की सततच्या पावसाळी हवेमुळे झाडांत पाणी साठले आणि ती कुजली. पानांवर दिसते ती बुरशी मागाहून आलेली. माइल्स बर्कली नावाच्या एका ग्रामीण धर्मोपदेशकाने १८४६ साली ह्याच्या उलट प्रतिपादन केले : बुरशी हेच कारण, हवा ही तिला मिळालेली संधी. पुढील काळाने बर्कलींना खरे ठरवले. आपल्या विषयाशी ह्या गृहस्थाचे नाते आणखी जवळचे आहे. कांद्याच्या पातीवर राखी लव आणणारा जो केवडा रोग आहे, त्याच्या कारक जीवाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४१ साली त्यांनीच केले आणि त्याला ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे विध्वंसक, असे नाव दिले. पेरोनोस्पोरा डिस्ट्रक्टर हे त्याचे आजचे नाव. (काटेकोर शास्त्रज्ञ आता त्याला खरी बुरशी मानीत नाहीत, शेवाळांच्या कुळाशी त्याचे नाते सांगतात. कांदा उत्पादकाला ह्या वंशावळीने फारसा फरक पडत नाही.)

रोग होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : रोगाला बळी पडू शकणारे झाड, रोगकारक जीव आणि त्याला मानवणारी हवा. वनस्पतिरोगशास्त्रात ह्याला रोगाचा त्रिकोण म्हणतात. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू गेल्या वर्षीच्या पाचोळ्यावर, शेजारच्या रानात, कधी बियाण्याबरोबरही असतातच. कांदा तर आपणच लावलेला असतो. म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू बहुधा तयारच असतात, आणि ह्या वर्षी रोग येणार की नाही ह्याचा निकाल तिसरी बाजू लावते. परंतु ‘हवा’ हा शब्द फार ऐसपैस आहे. त्या हवेतले नेमके काय, हे पाहण्यासाठी कांद्याच्या एका पातीवर एक रात्र घालवली पाहिजे.

जांभळा करपा घेऊ, कारण आपल्याकडे तो सर्वांत ओळखीचा. त्याच्या बुरशीचे नाव अल्टरनेरिया पोरी. ‘पोरी’ हा लॅटिन शब्द लीक नावाच्या कांद्याच्या भाऊबंदावरून आला. पातीवर प्रथम पाणी शोषल्यासारखा बारीक ठिपका पडतो, मग मधोमध पांढुरका होतो, मोठा होत होत जांभळट बनतो, आणि त्यात झाडाच्या बुंध्यातल्या कड्यांसारखी एकात एक वर्तुळे दिसतात. कडेला पिवळी झाक असते. डाग पातीभोवती फिरला की पात तेथेच मोडते.

आता असा एक जुना डाग आणि शेजारी एक निरोगी पात अशी कल्पना करा. सूर्य मावळतो, हवेतील ओलावा वाढतो, मध्यरात्रीच्या सुमारास पातीवर दव उतरू लागते. जुन्या डागावर बुरशी नवे बीजाणू धरू लागते. ह्या कामाला तिला वेळ लागतो. सलग नऊ-दहा तास ओल मिळाल्याशिवाय ते फारसे होत नाही, आणि पंधरा-सोळा तास मिळाली तर पीक भरघोस येते. सकाळी ऊन पडते, दव उडते, हवा कोरडी होत जाते, वारा सुटतो. त्याबरोबर पिकलेले बीजाणू सुटे होऊन उडतात. हवेत ते सर्वांत अधिक सापडतात ते दिवसा, पाने सुकू लागल्यावर. म्हणजे ज्या वेळी आपण रानात जाऊन ‘आज छान ऊन पडलंय’ म्हणतो, त्याच वेळी रोग प्रवासाला निघालेला असतो. त्यातला एखादा बीजाणू निरोगी पातीवर येऊन बसतो आणि वाट पाहतो. कोरड्या पातीवर तो काहीच करू शकत नाही. रात्री पुन्हा दव पडले, पाण्याचा पातळ पडदा मिळाला, की त्याला अंकुर फुटतो; ऊबदार हवेत ह्याला तासाभराचा अवधी पुरतो. तो अंकुर पातीच्या रंध्रातून किंवा थेट त्वचा भेदून आत शिरतो. आत शिरण्यापूर्वी पात सुकली तर कोवळ्या अंकुराची वाटचाल थांबते. आत गेला की मात्र बाहेरच्या कोरडेपणाची त्याला पर्वा राहत नाही. एक ते चार दिवसांत डाग दिसतो, आणि चार-पाच दिवसांत तो डाग स्वतः नवे बीजाणू देण्याच्या लायकीचा होतो.

ह्या सगळ्यात तापमानाचे काम काटा पुढे-मागे करण्याचे आहे. ह्या बुरशीला पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपासची हवा फार मानवते. थंडीत ती हळू चालते, तीव्र उन्हाळ्यात मंदावते. पण पात किती वेळ ओली राहिली, ह्या प्रश्नाला दुसरा पर्याय नाही. किती इंच पाऊस पडला, हे पर्जन्यमापक सांगतो. पाऊण तासात तीन इंच कोसळून लख्ख ऊन पडले तर पात दुपारपर्यंत खडखडीत होते. आणि एक शिंतोडाही न पडता नुसत्या दवाने आणि धुक्याने ती सकाळी दहापर्यंत ओली राहू शकते. पर्जन्यमापकात शून्य, आणि रानात करपा! अण्णा नेहमी म्हणत, ‘पाऊस नाही, पाणी नाही, तरी रोग कुठून आला?’ त्याचे उत्तर गुरुजींच्या पाटीवर लिहिलेले होते.

अण्णांच्या त्या हिवाळ्याचा हिशेब मी मागाहून मांडून पाहिला. कोरड्या थंडीत त्या रानात दव साधारण पहाटे दोन-तीनला धरते आणि साडेआठच्या सुमारास उडते. म्हणजे पाच-सहा तास. बुरशीच्या दृष्टीने हा मुक्काम अपुरा. तुषार रात्री नऊला सुरू झाले की पात नऊलाच ओली. बारा वाजता पंप बंद झाला तरी थंड, वारा पडलेल्या रात्री ते पाणी सुकत नाही. त्यावरच दव चढते. रात्री नऊ ते सकाळी साडेआठ, हे साडेअकरा तास झाले. आभाळाने दिले त्याच्या दुप्पट आपण दिले.

‘आभाळ आलं की करपा येतो’, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे ते नीट पाहण्यासारखे आहे. रात्रीचे आभाळ दव कमी करते. आमची पाटी तेच सांगत होती. दिवसाचे आभाळ पात सुकू देत नाही. तेव्हा सर्वांत वाईट जोडी म्हणजे निरभ्र रात्र आणि मळभाची सकाळ : रात्री भरपूर दव, आणि सकाळी धुके किंवा ढग असल्यामुळे ते अकरा वाजेपर्यंत पातीवर तसेच. ह्याहून वाईट फक्त झड. दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, पाऊस म्हणावा तर जोर नाही, नुसती बुरबुर, पात एकदाही सुकत नाही. आपल्या भाषेत ह्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द आहे : दव, धुई, धुके, मळभ, बुरबुर, झड, उघडीप. करपा ह्या शब्दाने दगा दिला खरा, पण हे बाकीचे शब्द रोगाच्या शास्त्राला हवे तितके बारीक भेद करतात. हवामानवृत्तात ‘अंशतः ढगाळ’ एवढेच म्हटले जाते तेव्हा मला ह्या शब्दांची आठवण होते.

केवड्याच्या बाबतीत हा रात्रीचा हिशेब आणखी नाजूक आहे. त्याला गारवा हवा, त्यामुळे आपल्या भागापेक्षा थंड प्रदेशांत त्याचे राज्य अधिक. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ह्या रोगाचा आगाऊ अंदाज बांधण्याची एक पद्धत १९८० नंतरच्या दशकात तयार झाली. आदल्या दिवसाचे तापमान, रात्रीचे तापमान, रात्रीचा ओलावा आणि रात्री पाऊस पडला की नाही, एवढ्यावरून त्या रात्री बीजाणू तयार झाले असतील का, हे ती सांगते. गंमत अशी, की मध्यरात्रीनंतर पाऊस झाला तर ती पद्धत ‘बीजाणू झाले नसावेत’ असा कौल देते. पावसाने रोग वाढतो ही आपली सरळ समजूत तेथे अशी तिरकी होते.

सगळेच करपे दवावर चालत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तपकिरी करपा स्टेम्फिलियम नावाच्या बुरशीचा. तो थंड, ढगाळ हवेत, म्हणजे माघ-फाल्गुनात अवकाळी मळभ आले की उचल खातो, आणि पातीच्या वाळलेल्या शेंड्यांतून किंवा दुसऱ्या रोगाने आधीच मारलेल्या भागातून आत शिरतो. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे डेंगळे हे जांभळ्या आणि तपकिरी अशा दोन्ही करप्यांचे आवडते ठिकाण. डाग डेंगळ्याभोवती फिरला की वरचा गोंडा दाणे भरण्यापूर्वीच खाली मान टाकतो, आणि नुकसान त्या वर्षापुरते न राहता पुढच्या वर्षीच्या बियाण्यालाही पोचते. काळा करपा मात्र खऱ्या अर्थाने पावसाचा रोग आहे. कोलेटोट्रायकम बुरशीचे बीजाणू चिकट लगद्यात असतात. वारा त्यांना नेऊ शकत नाही, पावसाचा थेंब आपटून उडतो तेव्हा त्या शिंतोड्यांवर बसून ते पुढच्या पातीवर जातात. पातीच्या बुडाजवळ राखी डाग आणि त्यावर वर्तुळाकार काळे उंचवटे ही त्याची खूण. पात वेडीवाकडी होऊन तिला पीळ पडतो आणि मान लांबते, त्या विकृतीतही ह्याच बुरशीचा हात असतो.

हा काळा करपा आपल्या भागात का महत्त्वाचा, हे पावसाच्या नकाशावरून कळते. खानापूरच्या जंगलपट्टीत आषाढ-श्रावणात धो धो पाऊस, म्हणून तेथे भात. तेथून पूर्वेला निघालात की मैलामैलाला पाऊस ओसरत जातो. सौंदत्ती, धारवाड, गदग, बागलकोट, विजापूर हा काळ्या रानांचा पट्टा कांद्याचा. कन्नड बांधव ज्याला उळ्ळागड्डी म्हणतात तो हा खरिपाचा कांदा पुष्कळ ठिकाणी थेट पेरला जातो, मिरची आणि कापसाच्या जोडीनेही घेतला जातो. ह्या पट्ट्याचा भर पाऊस जुलैत नसतो, तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी असतो. नेमका तेव्हा कांदा पोसत असतो, आणि जुनी झालेली पात रोगाला सर्वांत लवकर बळी पडते. काळी माती पाणी धरून ठेवते. खाली चिखल, वर ओली पात.

२०१९ साल आपल्या स्मरणात असेलच. ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्याने पूर पाहिला. त्या वर्षी मोसमी पाऊस देशातून परतू लागला तो ९ ऑक्टोबरला. तोवरच्या नोंदींत इतका उशीर कधी झाला नव्हता. त्यानंतरही अवकाळी पाऊस होत राहिला. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात उभा कांदा पाण्यात गेला. त्या तुटवड्यामागे केवळ बुरशी होती असे म्हणणे चूक ठरेल. पाणी साचून मुळे गुदमरली, काढलेला कांदा वाफ्यातच सडला. केंद्र सरकारने २९ सप्टेंबरला निर्यात बंद केली, आणि डिसेंबरमध्ये कित्येक शहरांत कांदा किलोला शंभर रुपयांच्या पलीकडे गेला. वर्तमानपत्रांत स्वयंपाकघराच्या अंदाजपत्रकावर रकानेच्या रकाने छापून आले. ज्यांच्यापाशी विकायला कांदाच उरला नव्हता त्यांना तो भाव काय कामाचा, ह्याविषयी दोन ओळी शोधाव्या लागल्या.

आणखी एक दुवा राहिला, तो कोरड्या हवेचा. कांद्याच्या पातीवर मेणाचा पातळ थर असतो; बोट फिरवले तर ती निळसर भुकटी बोटाला लागते. हा थर पाणी ठरू देत नाही आणि बुरशीलाही अडवतो. फुलकिडे पात खरवडून रस पितात तेव्हा हे चिलखत फाटते. आता फुलकिड्यांना हवी असते कोरडी, ऊबदार हवा. जोरदार पाऊस त्यांना धुऊन टाकतो. म्हणून दोन आठवडे उघडीप आणि मग एकाएकी दमट हवा, हा क्रम घातक. आधी फुलकिडे दारे उघडून ठेवतात, मग बुरशी आत येते. गारपिटीनेही हेच होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारा झाल्या तेव्हा पातीला झालेल्या जखमा डोळ्यांना दिसत होत्या. फुलकिड्यांच्या जखमा दिसत नाहीत, एवढाच फरक.

ह्याच मेणामुळे औषधही पातीवर थांबत नाही. अण्णांनी त्या वर्षी तीन फवारण्या केल्या होत्या. दुकानदाराने औषध दिले, त्यात चिकटद्रव्य मिसळायचे हे सांगितले नाही. उभ्या, गोल, मेणचट पातीवरून थेंब ओघळून मातीत गेले. आणि तिन्ही फवारण्या डाग पसरल्यावरच्या. स्पर्शजन्य बुरशीनाशक हे छत्रीसारखे आहे. ते पातीवर असताना बीजाणू रुजला तर मरतो. तो आत शिरल्यावर वरून कितीही मारले तरी हाती फारसे लागत नाही. म्हणून फवारणीचा दिवस डाग पाहून ठरवण्यापेक्षा पुढल्या दोन-तीन रात्री कशा जाणार हे पाहून ठरवणे शहाणपणाचे. झड येण्यापूर्वीच्या उघडिपीत मारलेले एक औषध झडीनंतरच्या तिहींना भारी पडते.

जाता जाता स्वयंपाकघरातील एक गोष्ट. कांद्याचे लाल, सुके साल आपण केरात टाकतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जे. सी. वॉकर आणि कार्ल लिंक ह्यांनी दाखवून दिले, की ओल्या जमिनीत कांद्याच्या सालीवर काळे डाग पाडणारी एक बुरशी पांढऱ्या कांद्याला धरते आणि रंगीत कांद्याला सोडते. ती ह्याच काळ्या करप्याच्या बुरशीच्या घराण्यातली. रंगीत सालीतून पाण्यात उतरणारी दोन द्रव्ये त्या बुरशीच्या बीजाणूंना मारतात. झाडाच्या अंगच्या प्रतिकारशक्तीचे रासायनिक कारण सापडल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत हे मोडते. १९३३ साली ते प्रसिद्ध झाले. मात्र हे कवच सालीपुरते. पातीवरच्या करप्याला लाल-पांढरा भेद कळत नाही, आणि चाळीत साठवलेल्या कांद्यावर काजळीसारखी काळी भुकटी आणणारी बुरशी तर लाल कांद्यालाही सोडत नाही. तिला तीस अंशांच्या वरची उष्णता आणि दमटपणा हवा, म्हणजे वळवाचे पाऊस झाल्यानंतरची आपली कोंदट चाळ.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. रान पुतण्या पाहतो. वीज अजूनही बहुधा रात्रीच येते, तेव्हा रात्री तो शेततळे भरून घेतो आणि सकाळी दव उडाल्यावर ठिबकने पाणी सोडतो. पातीला पाणी लागतच नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे त्याने १२० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफे केले, त्यामुळे पाऊस झाला तरी पाणी सऱ्यांतून निघून जाते. रोपे दाट लावण्याचा मोह त्याने सोडला, कारण दाटीत वारा फिरत नाही आणि पात उशिरा सुकते. एवढे करूनही एका वर्षी हस्ताची झड पाच दिवस चालली आणि निम्मा कांदा गेला. त्या पाच दिवसांत करण्यासारखे काहीही नव्हते, आणि तसे तो स्पष्ट म्हणाला.

गुरुजींच्या पाटीची गोष्ट मी त्याला एकदा सांगितली होती. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक दगडी पाटी सापडली, ती त्याने बांधावर दोन विटांवर ठेवली आहे. दिवाळीनंतर सकाळी त्याचा दूरध्वनी येतो. परवा म्हणाला, ‘काका, आज पाटी पावणेदहाला सुकली. काल साडेआठला सुकली होती. धुकं अजून नदीवर बसलंय. उघडीप आहे तोवर दुपारी फवारून घेतो.’